डेल्टा सेफी: पाच दिवसांत फुगून आकसणारा तारा आणि विश्वाच्या मोजमापाचा वाद

विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय, या एका प्रश्नाची दोन उत्तरं गेली काही वर्षं बातम्यांत येत आहेत. एक ६७.४, दुसरं साधारण ७३ (एकक कोणतं ते शेवटी येतंच). दोन्ही गटांनी आपापली मोजमापं पुन्हा पुन्हा तपासली आहेत, आणि दोघांनी मान्य केलेली त्रुटी इतकी लहान आहे की तेवढी सूट देऊनही हे आकडे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीने या वादात काय भर घातली, याच्या बातम्यांत 'सेफिड तारे' असा उल्लेख येतो आणि त्याचा अर्थ न सांगताच बातमी पुढे जाते. अडचण अशी की सेफिड म्हणजे काय हे कळल्याशिवाय भांडण कशाचं आहे हेच कळत नाही.

ज्या ताऱ्यामुळे या जातीला नाव मिळालं त्या डेल्टा सेफीपासून सुरुवात केली तर हे बऱ्यापैकी सोपं होतं. हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि त्याचं बदलणंही नुसत्या डोळ्यांनीच प्रथम टिपलं गेलं.

आकाशात दिसतं ते काय

ताऱ्याचं तेज 'प्रत' या मापात सांगतात. आकडा लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

वृषपर्वा या तारकासमूहातला डेल्टा सेफी ३.४८ आणि ४.३७ या प्रतींच्या दरम्यान वरखाली होत राहतो. तेजाच्या भाषेत सांगायचं तर मंद असताना जेवढा, त्याच्या सव्वादोन पट तेजस्वी होतो. ज्यांचं तेज असं बदलतं त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. एका उच्चांकापासून पुढच्या उच्चांकापर्यंत ५ दिवस ८ तास ४७ मिनिटं आणि वर काही सेकंद जातात. हा त्याचा आवर्तकाल, दशांशात ५.३६६ दिवस.

या चढउताराची एक खूण आहे. चढायला तारा साधारण दीड दिवस घेतो, उतरायला जवळजवळ चार. कागदावर आलेख काढला तर एका बाजूला उभा चढ आणि दुसऱ्या बाजूला लांब उतार दिसतो, आणि प्रत्येक आवर्तनात आकार तोच. तेजाबरोबर रंगही बदलतो. तेजस्वी असताना पृष्ठभागाचं तापमान ६,६०० केल्व्हिनच्या आसपास असतं, मंद असताना सुमारे ५,५००. तिसरी गोष्ट वर्णपटात दिसते. ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा कधी निळ्या बाजूला सरकतात, कधी तांबड्या. म्हणजे प्रकाश देणारा पृष्ठभाग कधी आपल्या दिशेने येतो, कधी दूर जातो, आणि हेही नेमकं त्याच ५.३६६ दिवसांच्या तालावर.

१७८४ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक याने हा बदल नोंदवला. तो बहिरा होता आणि तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. त्याच शहरातल्या एडवर्ड पिगट याने काही आठवडे आधी गरुड तारकासमूहातल्या ईटा अक्विली या ताऱ्यात तसाच बदल पाहिला होता. त्यामुळे पहिला सापडलेला सेफिड खरं तर तो. नाव मात्र गुडरिकच्या ताऱ्याचं चिकटलं.

हे ग्रहण कशावरून नाही?

पहिली शंका हीच येते आणि ती रास्त आहे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि एक दुसऱ्याला झाकत असेल, तरीही तेज ठरावीक वेळाने कमी होईल. वर्णपटातल्या रेषांचं मागेपुढे होणंही दोन ताऱ्यांच्या फिरण्याला शोभणारं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ खगोलशास्त्रज्ञ याच मताचे होते.

पण ग्रहण लागतं तेव्हा तेज काही तास घसरतं, परत येतं आणि मधल्या काळात जवळपास स्थिर राहतं. डेल्टा सेफी क्षणभरही स्थिर नसतो. शिवाय झाकलं गेल्याने पृष्ठभाग हजार केल्व्हिनने गार-गरम होण्याचं कारण नाही. निर्णायक मुद्दा हार्लो शॅप्ली यांनी १९१४ साली मांडला. रेषांच्या सरकण्यावरून जोडीदाराची कक्षा काढली, तर ती मूळ ताऱ्याच्या पोटातच जाते. इतका हा तारा मोठा आहे. तेव्हा फिरणारं दुसरं कोणी नाही, ताऱ्याचा स्वतःचा पृष्ठभागच आतबाहेर होतो आहे, असा निष्कर्ष निघाला.

गंमत म्हणजे डेल्टा सेफीला जोडीदार आहेत. लहान दुर्बिणीतून ४१ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) अंतरावर ६.३ प्रतीचा निळसर तारा सहज दिसतो. त्याखेरीज अगदी जवळून, साधारण सहा वर्षांत एक फेरी मारणारा आणखी एक साथीदार २०१५ साली वर्णपटातून उघड झाला. तेजाच्या चढउताराशी दोघांचाही संबंध नाही.

फुगल्यावर तेजस्वी, की आकसल्यावर?

डेल्टा सेफीची त्रिज्या सूर्याच्या चाळीसपटीहून थोडी अधिक आहे आणि वस्तुमान सूर्याच्या साधारण पाचपट. दर आवर्तनात त्रिज्या दहा-बारा टक्क्यांनी, म्हणजे तीस लाख किलोमीटरहून अधिक बदलते. पृष्ठभाग सेकंदाला वीस किलोमीटरहून जास्त वेगाने सरकतो.

आता कोणीही म्हणेल की तारा फुगला की पृष्ठभाग वाढला, म्हणून तेज वाढलं. तसं होत नाही. सर्वाधिक तेजाच्या क्षणी तारा सर्वांत मोठाही नसतो आणि सर्वांत लहानही नसतो. सरासरी आकारातून जात तो जोराने बाहेर फुगत असतो. सर्वांत मंद असतो तेव्हाही आकार जवळजवळ तेवढाच, फक्त दिशा उलटी, आत कोसळण्याची. म्हणजे दोन्ही टोकांना आकार सारखा आणि फरक तापमानाचा. एकूण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घातानुसार बदलते. ६,६०० ला ५,५०० ने भागलं की १.२, आणि १.२ चा चौथा घात जवळपास २.१. तेजातली जवळजवळ सगळी वाढ इथेच सापडते.

तारा सर्वांत आकसलेला असतो त्याच क्षणी सर्वांत तेजस्वी असायला हवा होता, कारण दाबाने वायू तेव्हा सर्वाधिक तापतो. पण आत अडकलेली ऊर्जा वरच्या हायड्रोजनच्या थरातून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तोवर पृष्ठभाग बाहेरच्या प्रवासाला निघालेला असतो. अभ्यासकांना गोंधळात टाकणारा हा उशीर समजायला बरीच दशकं लागली.

हे थांबत का नाही?

कुठलंही हलणं घर्षणाने थांबतं. तारा एकदा हलला तरी त्याचं डोलणं फार तर काही हजार वर्षांत विरून जायला हवं. ते टिकतं म्हणजे दर फेरीत त्याला कुठून तरी नवा धक्का मिळतो.

उकळत्या भांड्यावरचं झाकण डोळ्यांसमोर आणा. झाकण बसलं की वाफ कोंडते, दाब वाढतो, झाकण उचललं जातं, वाफ निसटते, झाकण पुन्हा पडतं. खाली आच चालू आहे तोवर खडखडाट चालू. ताऱ्यात वाफेच्या जागी आतून येणारी उष्णता आहे आणि झाकणाच्या जागी हेलियमचा एक थर. ऊर्जा अशी अडवणारी झडप ताऱ्यात असली पाहिजे, हा विचार आर्थर एडिंग्टन यांनी मांडला होता. ती झडप हेलियमची, हे १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ झेवाकिन यांच्या कामातून स्पष्ट झालं.

एरवी ताऱ्यातला वायू दाबला की तापतो आणि तापला की अधिक पारदर्शक होतो. उष्णता निसटते, धक्का विरतो. पृष्ठभागाखाली जिथे तापमान सुमारे ४०,००० केल्व्हिन आहे तिथे मात्र उलटं घडतं. तिथल्या हेलियमच्या अणूंनी एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. थर दाबला गेला की येणारी ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी दुसरा इलेक्ट्रॉन सोडवण्यात खर्च होते. घनता वाढते, तापमान फारसं वाढत नाही, आणि थर अधिक अपारदर्शक होतो. आतली उष्णता कोंडते आणि थराला बाहेर ढकलते. थर पसरला की इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटतात, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निघून जाते आणि आधार गेलेला थर परत खाली येतो.

ही झडप योग्य खोलीवर असेल तरच चालते. तारा फार तप्त असेल तर हेलियमचा हा थर पृष्ठभागाच्या इतका जवळ येतो की त्यात ढकलण्याजोगं वस्तुमानच उरत नाही. तारा फार थंड असेल तर वरच्या थरांत वायू खळबळून वरखाली फिरू लागतो आणि उष्णता झडपेला वळसा घालून निघून जाते. म्हणून तापमान आणि तेज यांच्या आलेखावर फक्त एका अरुंद पट्ट्यातले तारेच असे स्पंदतात. त्याला अस्थिरता पट्टा म्हणतात.

मग सूर्यही असं करेल का?

सूर्यही थरथरतो, सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तकालाने, पण त्याने तेजात होणारा फरक दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. सेफिड होण्याइतकं वस्तुमान सूर्याकडे नाही, त्यासाठी साधारण चारपट तरी लागतं. म्हातारपणी तो लाल राक्षसी तारा होईल आणि तेव्हा शेकडो दिवसांच्या आवर्तकालाने स्पंदेल, पण ती वेगळी जात.

जाता जाता, ध्रुवतारा सेफिड आहे. आपल्याला सर्वांत जवळचा. आवर्तकाल चार दिवसांहून किंचित कमी, पण बदल प्रतीच्या काही शतांशांचा, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. त्याच्या स्पंदनाचा आवाका विसाव्या शतकात कमी कमी होत गेला आणि नंतर पुन्हा थोडा वाढला.

सेकंदापर्यंतचा आवर्तकाल कसा कळतो?

उच्चांकाची वेळ डोळ्यांनी एका तासाच्या अचूकतेने ठरवणंही कठीण. मग आवर्तकाल सेकंदाच्या अंशापर्यंत कसा सांगतात? एकाच आवर्तनाकडे न बघता. १७८४ पासून आजवर या ताऱ्याची सोळा हजारांहून जास्त आवर्तनं झाली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या उच्चांकांतलं अंतर आवर्तनांच्या संख्येने भागलं, की तासाभराची चूक सोळा हजारांत वाटली जाऊन सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उरते. एकच अट: मधली आवर्तनं मोजण्यात एकाचीही चूक होता कामा नये. एक राहिलं तर सगळा हिशोब गेला.

या लांबलचक नोंदीतून आणखी एक गोष्ट निघाली. आवर्तकाल स्थिर नाही, तो वर्षाला सुमारे ०.१ सेकंदाने कमी होतो आहे. हे नगण्य वाटतं, पण चूक साठत जाते. आज आवर्तकाल ठरवून तोच धरून बसलात, तर शंभर वर्षांनी उच्चांक नऊ-साडेनऊ तास आधीच येऊन गेलेला असेल. कारण ताऱ्याच्या रचनेत आहे. आवर्तकाल ताऱ्याच्या सरासरी घनतेवर अवलंबून असतो, घनता वाढली की तो कमी होतो. म्हणजे डेल्टा सेफी उत्क्रांतीच्या ओघात सावकाश लहान होत चालला आहे. ताऱ्यांची उत्क्रांती लाखो वर्षांच्या मापात चालते असं आपण शिकतो, पण इथे तिचं एक पाऊल घड्याळावर वाचता येतं.

स्वतः पाहायचं असेल तर

तारा उत्तर आकाशात, ध्रुवापासून सुमारे ३२ अंशांवर आहे. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. शर्मिष्ठेचे पाच तारे ओळखले की पश्चिमेला वृषपर्वाची घरासारखी आकृती सापडते, छपराचं टोक ध्रुवाकडे आणि पाया त्याच्या विरुद्ध बाजूला. पायाच्या शर्मिष्ठेकडच्या कोपऱ्यात झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा यांचा छोटा त्रिकोण आहे. झीटा आणि एप्सिलॉन एकमेकांजवळ, शर्मिष्ठेच्या बाजूला सुटा आहे तो डेल्टा. साध्या द्विनेत्रीत तिन्ही एकदम मावतात.

तुलनेसाठी निसर्गाने उत्तम सोय केली आहे. झीटा ३.४ प्रतीचा आणि एप्सिलॉन ४.२ चा, म्हणजे डेल्टाचा जवळजवळ सगळा चढउतार या दोघांच्या मध्ये बसतो. डोळे वीसेक मिनिटं अंधाराला सरावू द्या. मग डेल्टा या दोघांच्या मध्ये कुठे पडतो ते ठरवा. झीटापासूनचा फरक एक वाटा आणि एप्सिलॉनपासूनचा तीन वाटे वाटला, तर ०.८ प्रतीचे चार भाग करून एक भाग झीटात मिळवायचा. उत्तर ३.६. किमान तेजाच्या सुमारास तारा एप्सिलॉनपेक्षाही किंचित मंद होतो, तेव्हा 'एप्सिलॉनहून थोडा कमी' एवढंच लिहून ४.३ किंवा ४.४ नोंदवा. तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहिली नाही तर नोंद निरुपयोगी.

रोज एकाच वेळी सलग सोळा रात्री पाहणं फार फायद्याचं. तीन आवर्तनं म्हणजे १६.१ दिवस. त्यामुळे सोळा नोंदी वेगवेगळ्या आवर्तनांत पडल्या तरी एकावर एक रचल्यावर साधारण आठ-आठ तासांच्या अंतराने पूर्ण आलेखभर पसरतात. रचायचं असं: पहिल्या नोंदीपासून किती दिवस झाले ते ५.३६६ ने भागा, पूर्णांक सोडून द्या, उरलेला अपूर्णांक आडव्या अक्षावर घ्या. ढगांनी दोन-चार रात्री खाल्ल्या तरी आकार दिसतो.

चुका ठरलेल्या आहेत. झीटा नारिंगी आहे, आणि नारिंगी ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्याहून तेजस्वी भासू लागतो. म्हणून टक लावू नका, झटपट नजर फिरवत तुलना करा. कालचा आकडा माहीत असला की आजचा आकडा त्या दिशेने झुकतो. जुनी वही मिटूनच पाहायला जावं. हे सगळं सांभाळलं तरी सरावलेल्या डोळ्यांची चूक ०.१ प्रतीच्या आसपास राहते. चढाच्या काळात तारा सहा तासांत साधारण ०.१५ प्रतीने वाढतो, म्हणजे एकाच रात्रीत बदल पकडणं जेमतेम शक्य आहे.

कॅमेऱ्याने मोजत असाल तर तिपाई हवी, कच्ची फाइल हवी, आणि प्रतिमा किंचित धूसर ठेवायला हवी, म्हणजे ताऱ्याचा मधला भाग पांढराफट्ट होऊन माहिती वाया जात नाही. तीन रंगांपैकी हिरवा वापरा, तो डोळ्यांनी दिसणाऱ्या तेजाला जवळचा असतो. आठ-दहा चित्रांची सरासरी घ्या. फार धूसर केलं की मात्र ४१ विकलांवरचा साथीदार त्याच ठिपक्यात मिसळतो. तो ६.३ प्रतीचाच आहे, पण डेल्टा मंद असताना मोजमापात सुमारे ०.१७ प्रतीची भर घालतो आणि तेजस्वी असताना ०.०८ ची. परिणामी चढउतार खऱ्यापेक्षा लहान भरतो. तोच ठिपका, तीच चित्रं, आणि उत्तर चुकीचं. हा ०.१७ आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आवर्तकालावरून अंतर

आकाशातला तारा मंद दिसतो तो मुळात मंद आहे म्हणून की लांब आहे म्हणून, हे नुसतं बघून कळत नाही. खगोलशास्त्राची ही सर्वांत जुनी अडचण.

हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायापट्ट्यांवर काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी १९०८ साली मॅजेलनच्या दोन मेघांमधल्या, म्हणजे आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिकांमधल्या, १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातले २५ तारे निवडून दाखवलं की आवर्तकाल जितका मोठा, तितका तारा अधिक तेजस्वी, आणि तेही एका सरळ रेषेत. या निवडीतच सगळी चतुराई आहे. एकाच मेघातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून तिथे जो तेजस्वी दिसतो तो खरंच तेजस्वी असतो.

भौतिकशास्त्राने पाहिलं तरी हे पटतं. मोठा तारा विरळ, विरळ तारा सावकाश स्पंदतो, आणि मोठा तारा जास्त प्रकाश देतो. आवर्तकाल मोजायला फक्त घड्याळ लागतं. मधलं अंतर, धूळ, ताऱ्याचा मंदपणा, कशानेही तो बदलत नाही. त्यावरून खरं तेज कळलं, की दिसणाऱ्या तेजाशी तुलना करून अंतर निघतं.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत असाच एक सेफिड सापडला, आवर्तकाल ३१.४ दिवस. त्यावरून काढलेलं अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं आलं, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आजचा आकडा सुमारे पंचवीस लाख आहे. हबल यांचा आकडा एवढा कमी का आला, त्याचं एक मोठं कारण पुढे येतंच.

एकदा गणित करून पाहू

तारा ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवला तर ज्या प्रतीचा दिसेल तिला निरपेक्ष प्रत म्हणतात. सेफिडसाठी एक प्रचलित सूत्र असं: आवर्तकालाचा दहाच्या पायाचा लॉगरिदम घ्या, त्यातून १ वजा करा, उणे २.४३ ने गुणा आणि उत्तरातून ४.०५ वजा करा.

५.३६६ चा लॉगरिदम ०.७३०. त्यातून १ गेला, उणे ०.२७०. उणे २.४३ ने गुणल्यावर ०.६६. त्यातून ४.०५ गेले, उणे ३.३९. ही डेल्टा सेफीची निरपेक्ष प्रत. आकाशात त्याची सरासरी प्रत ३.९५ आहे. दोन्हींतला फरक ७.३४. या फरकाला ५ ने भागून १ मिळवा आणि दहाचा तेवढा घात घ्या, म्हणजे अंतर पार्सेकमध्ये मिळतं. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. उत्तर येतं सुमारे २९४ पार्सेक, म्हणजे ९६० प्रकाशवर्षं.

पण वाटेत धूळ आहे. ती या ताऱ्याचा प्रकाश साधारण पाव प्रतीने कमी करते. तो पाव परत दिला की सरासरी प्रत ३.७० होते, फरक ७.०९, आणि अंतर २६२ पार्सेक किंवा ८५५ प्रकाशवर्षं. पाव प्रतीने शंभर प्रकाशवर्षं इकडची तिकडे झाली.

हबल अंतराळ दुर्बिणीने पराशय मोजून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा पार्श्वभूमीवर किती सरकतो ते पाहून, २००२ मध्ये २७३ पार्सेक असं अंतर दिलं. आपलं उत्तर त्याच्या चार टक्के आत आहे. मात्र यावर फार खूश होऊ नये. वरचं सूत्र ज्या मोजक्या ताऱ्यांच्या पराशयावरून बसवलं, त्यांत डेल्टा सेफी स्वतः आहे. हा पडताळा नव्हे, फक्त पद्धत कशी चालते याचं उदाहरण.

कुठे कुठे चुकतं

धुळीचं आताच पाहिलं. उपाय म्हणून आता मोजमापं अवरक्त प्रकाशात करतात, तिथे धूळ बरीच कमी अडवते, आणि तापमानाच्या चढउतारांचा परिणामही लहान असतो.

दुसरी चूक इतिहासात गाजली. सेफिडसारखे दिसणारे पण वयाने फार जुने आणि वस्तुमानाने लहान असे तारे आहेत. तेवढ्याच आवर्तकालाला ते सुमारे दीड प्रतीने मंद असतात. आधीच्या मोजमापांत दोन्ही जाती एकाच रेषेवर बसवल्या गेल्या होत्या. वॉल्टर बाडे यांनी ही गल्लत उलगडली आणि १९५२ साली तिचा निष्कर्ष जाहीर झाला. दीड प्रत म्हणजे अंतरात दुप्पट, त्यामुळे दीर्घिकांची ज्ञात अंतरं एका झटक्यात दुप्पट झाली. हबल यांच्या नऊ लाखांचं मोठं कारण हे.

तिसरी अडचण गर्दीची. दूरच्या दीर्घिकेत सेफिडच्या शेजारचे मंद तारे त्याच ठिपक्यात मिसळतात आणि तो आहे त्याहून तेजस्वी, म्हणून आहे त्याहून जवळचा वाटतो. चौथी, ताऱ्यातल्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण. ते बदललं की रेषा थोडी वरखाली होते. किती, यावर अजून घासाघीस चालू आहे.

६७ की ७३

आता वादाकडे. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश मोजला. त्यावरून विश्वाच्या उत्क्रांतीच्या प्रमाणित सिद्धांताच्या आधारे आजचा वेग काढला तर ६७.४ येतो. एकक असं की दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, दीर्घिका सेकंदाला तेवढे किलोमीटर दूर जाताना दिसतात. दुसऱ्या बाजूला अॅडम रीस यांचा गट शिडीसारखा वर जातो. जवळच्या सेफिडांची अंतरं पराशयाने, त्यांवरून जवळच्या दीर्घिकांची, तिथल्या विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून, आणखी दूरच्या. त्यांचं उत्तर ७३ च्या आसपास.

अंतर जास्त धरलं की वेगाचा आकडा कमी येतो. ७३ चे ६७.४ करायचे तर सगळी अंतरं सुमारे आठ टक्क्यांनी वाढवायला हवीत, आणि प्रतींच्या मापात ती चूक होते ०.१७. इतकंच. मंद असलेल्या डेल्टा सेफीच्या मोजमापात त्याचा साथीदार मिसळला तर पडतो तेवढाच फरक. त्यामुळे 'दूरच्या सेफिडांत शेजाऱ्यांचा प्रकाश मिसळत असेल' हा आक्षेप मुळीच पोकळ नव्हता.

तो तपासण्यासाठी वेब दुर्बीण अगदी योग्य होती. अवरक्त प्रकाशात तिची नजर हबल दुर्बिणीहून बरीच तीक्ष्ण आहे, सेफिड आणि शेजारी तिला वेगळे दिसतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हजाराहून अधिक सेफिड तपासले होते, त्यांत सर्वांत दूरची दीर्घिका सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ५४६८. हबल दुर्बिणीची मोजमापं अधिक विखुरलेली होती, पण सरासरीत चुकीची नव्हती. गर्दीमुळे ०.१७ प्रतीची चूक झाली असेल ही शक्यता त्याने जवळजवळ निकालात निघाली.

म्हणून 'सिद्धांतच बदलावा लागणार' असे मथळे आले. मला ते घाईचे वाटतात. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने वेबचीच निरीक्षणं वापरून, सेफिडांखेरीज आणखी दोन प्रकारच्या ताऱ्यांवरून अंतरं काढली, आणि त्यांचा एकत्रित आकडा ७० च्या आसपास आला, म्हणजे दोघांच्या मध्ये. दीर्घिकांची निवड कोणती, तारे कोणते, यावर आकडा दोन-तीनाने हलत असेल, तर शिडी अजून पुरती घट्ट झालेली नाही.

शिडीची सर्वांत खालची पायरी पराशयाची, आणि काम तिथेही बाकी आहे. गाया उपग्रहाने कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय मोजले, पण त्याच्या मोजमापात सर्वत्र एक बारीकसा ठरावीक कल आहे आणि तो ताऱ्याच्या तेजावर व रंगावर अवलंबून असतो. सेफिडचे हे दोन्ही गुण दर काही दिवसांनी बदलतात. डेल्टा सेफीसारखे डोळ्यांनी दिसणारे तारे तर गायासाठी इतके तेजस्वी आहेत की त्यांची प्रतिमा भरून वाहते. अशा ठिकाणी सेफिडचा नाद सोडून त्याच्या मंद, न बदलणाऱ्या साथीदाराचा पराशय मोजायचा आणि दोघं सारख्याच अंतरावर धरायचे, असा मार्ग काही अभ्यासांत वापरला गेला आहे. कॅमेऱ्याच्या मोजमापात नकोसा झालेला शेजारी अंतर मोजताना असा उपयोगी पडतो.